व्हेनिसला जायचं कधी? दिवाळीत, नाताळात की मेमध्ये?

पाऊलवाट (धागाकर्ती)

चार रात्री फक्त व्हेनिस, तिथून पुढे फ्लॉरेन्स. माणसं पाच: सत्तरीच्या आसपासचे आईबाबा (चालतात, पण जिने मोजून), आम्ही दोघं आणि सातवीतली लेक. शाळेमुळे पर्याय तीनच उरतात: २०२६ ची दिवाळीची सुट्टी, नाताळ किंवा २०२७ चा मे. नोव्हेंबरात तिथं पाणी भरतं म्हणून जो तो मे सुचवतोय. जाणकारांनी ठोस सांगावं. पाणी किती, गर्दी किती, थंडी किती. पाचात तिघं शाकाहारी आहेत, तेही धरून.

उधाणवारा

आधी पाण्याचं बघू, कारण त्याची भीती फार आणि माहिती कमी.

व्हेनिसमध्ये पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये सांगतात आणि ती पुंता देल्ला सालूते इथल्या मापकाच्या १८९७ सालच्या शून्यापासून मोजतात. तेव्हापासून समुद्र चढला, शहरही थोडं खचलं, त्यामुळे आजची सरासरी पातळीच त्या शून्याच्या तीसेक सेंमी वर आहे. म्हणून '११० ची भरती' ऐकून कमरेएवढं पाणी डोळ्यांपुढे आणू नका. त्या आकड्यातून जिथं उभे आहात तिथल्या जमिनीची उंची वजा करा, उरेल तेवढं पाणी पायाशी. सान मार्को चौक शहरातल्या सगळ्यात सखल जागांपैकी एक. ८०-८५ ला तिथं पाणी दिसू लागतं, १०० ला घोट्याच्या वर येतं, वीतभर मात्र नाही. ११० ला शहरातल्या चालायच्या जागेपैकी सुमारे १२ टक्के भाग पाण्याखाली जातो आणि १४० ला ५९ टक्के. रेल्वे स्टेशनाकडची बाजू तुलनेने उंच आहे.

चौकात पाणी काठावरून उसळून येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. फरसबंदीत पावसाचं पाणी निचरायला भोकं ठेवलेली आहेत, त्यांतून ते उलटं वर येतं. आधी भोकाभोवती ताटलीएवढं डबकं होतं, मग डबकी एकमेकांना मिळत जातात. चौकाच्या कडेच्या कमानींखाली तेव्हाही कोरडं असू शकतं. भरतीचा माथा ओसरायला तीन-चार तास लागतात. दिवसभर शहर बुडून राहतं असं नाही.

आता खरा बदल. व्हेनिसभोवतीच्या खाजणाची (लगूनची) समुद्राकडची तोंडं तीन: लिदो, मालामोक्को आणि किओज्जा. तिन्ही ठिकाणी मिळून समुद्रतळाशी ७८ पोकळ फाटकं बिजागऱ्यांवर बसवली आहेत. एरवी ती पाण्याने भरून तळाशी आडवी पडलेली असतात. मोठ्या भरतीचा अंदाज आला की आत दाबाची हवा सोडतात, पाणी बाहेर जातं आणि फाटकं तरंगत उभी राहतात. या यंत्रणेला मोझे म्हणतात. खऱ्या भरतीला ती पहिल्यांदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी उठली. आता अंदाज ११० किंवा त्याहून जास्त असेल तर ती उठवतात.

यातली मेख अशी की ८० ते ११० च्या मधल्या भरतीला फाटकं खालीच राहतात. म्हणजे सान मार्को चौकात पाणी अजूनही येतं, बाकी शहर कोरडं. चौकातल्या बॅसिलिकाला (संत मार्कच्या चर्चला) २०२२ पासून काचेची भिंत घातली आहे, त्यामुळे आतली जमीन वाचते.

तारखांचं म्हणाल तर लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाणाच्या भरतीला. तिथंही चंद्र तोच. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमा २४ ला. मधला भांग (अर्ध्या चंद्राच्या वेळची लहान भरती) १७-१८ च्या सुमाराला. भाऊबीज ११ ला आटोपून निघालात आणि १४ ते २० मध्ये चार रात्री बसवल्यात, तर भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असलेले दिवस मिळतील.

खडूस_खलाशी

वरचं गणित सुबक आहे, पण तिथी बघून व्हेनिसचं पाणी ओळखता येत नाही.

१२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ सेंमी पाणी आलं, त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. इथपर्यंत ठीक. पण आजवरचा उच्चांक, १९४ सेंमी, ४ नोव्हेंबर १९६६ चा. अमावास्या १२ तारखेला होती, म्हणजे ४ तारीख वद्य सप्तमी-अष्टमीच्या आसपासची, चक्क भांगाची! ८ डिसेंबर २०२० लाही चंद्र अर्धा होता. तरी १३८ आलं, आणि अंदाज कमी निघाल्यामुळे फाटकं खालीच राहिली.

कारण तिथं चंद्राचा वाटा लहान आहे. मुंबईला उधाणाला भरती-ओहोटीत पाच मीटरच्या जवळपास फरक पडतो, व्हेनिसला जेमतेम एक मीटर. उरलेलं काम वाऱ्याचं. एड्रियाटिक समुद्र लांबट, अरुंद आणि वरच्या टोकाला बंद. आग्नेयेकडून सिरोक्को वाहू लागला की तो त्याच्या लांबीभर पाणी ढकलत उत्तरेला आणून साठवतो. वर हवेचा दाब उतरलेला असेल तर पातळी आणखी चढते. वारा पडल्यावरही पाणी त्या समुद्रात पुढे-मागे हेलकावत राहतं, एका हेलकाव्याला साधारण २२ तास. म्हणून एक मोठी भरती होऊन गेली की 'सुटलो' म्हणायचं नाही, दुसऱ्या दिवशी साधारण त्याच सुमाराला पुन्हा बघायचं.

उधाणवारा

खलाशीबुवा, मान्य. पण तिकीट काढताना हाताशी काय असतं? वारा सहा महिने आधी कळत नाही, तिथी कळते. मध्यम भरत्या, म्हणजे ८०-११० वाल्या, ज्यांना फाटकं उठत नाहीत, त्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच जास्त जमतात. पाऊलवाटताईंना त्रास होणार तो त्यांचाच. १८७ ची काळजी मोझे करेल.

तारखा तिथीवर ठरवा, आणि निघायच्या तीन दिवस आधी महापालिकेच्या भरती केंद्राचा अंदाज बघायला लागा. आलेखात वेळ आणि सेंमी दोन्ही दिलेले असतात. उधाणाच्या दिवसांत माथा बहुधा सकाळी नऊ-अकरा आणि रात्री दहा-अकराच्या बेतात येतो. सकाळी ९५ दिसलं तर सान मार्को दुपारी ठेवायचं आणि सकाळ कान्नारेज्जो भागात किंवा मुरानो बेटावर घालवायची. इतकं सोपं आहे.

गल्लीबोळ

पाण्यावरच चाललंय सगळं. व्हेनिसचा खरा पूर माणसांचा असतो आणि तो एप्रिल ते ऑक्टोबर असतो.

मे सुचवणाऱ्यांनी हे पाहावं. २५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन आणि त्याच दिवशी संत मार्कचाही सण. १ मे सुट्टी, २ जून प्रजासत्ताक दिन. त्यात २०२७ चा पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा ख्रिस्ती सण) १६ मेला येतो आणि त्यानंतर दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियातल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी असते. बव्हेरियाहून व्हेनिस गाडीने एका दिवसाच्या टप्प्यात. म्हणजे तुमच्या मुलीची सुट्टी आणि त्यांच्या मुलांची सुट्टी एकाच पुलावर भेटणार.

सकाळी दहाला दिवसभराचे पाहुणे उतरतात आणि पाचनंतर पांगतात. या वेळात सांता लुचिया स्टेशन ते रियाल्तो ते सान मार्को हा पट्टा पावलापावलाने सरकतो. यासाठीच २५ एप्रिल २०२४ पासून दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लावलं. २०२५ मध्ये ते ५४ दिवस होतं, १८ एप्रिल ते २७ जुलैमधले बहुतेक शुक्रवार ते रविवार आणि सणवार, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. आधी भरलं तर ५ युरो, आयत्या वेळी १०. मुक्कामी राहणाऱ्यांना माफ, पण माफीचा क्यूआर कोड आपणच आधी नोंदणी करून काढायचा. मेस्त्रेत (बेटाबाहेर, मुख्य भूमीवर) राहिलात तरी ती हद्द व्हेनिस महापालिकेचीच, त्यामुळे तिथल्या मुक्कामालाही माफी लागू. मे पक्का केलात तर २०२७ चे दिवस जाहीर झाल्यावर तपासा.

हवा मात्र मेमध्ये उत्तम, कमाल तापमान विशीच्या थोडं वर आणि उजेड रात्री पावणेनऊपर्यंत. नोव्हेंबरच्या मध्याला कमाल ११-१२, किमान पाचच्या आसपास, साडेचार-पावणेपाचला सूर्यास्त. हवा दमट म्हणून आकड्यापेक्षा गारवा जास्त बोचतो. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा दोन पातळ थर आणि वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट न्यावं. खोल्या उबदार असतात, कारण तिथं मध्यवर्ती हीटिंगला १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल परवानगी असते. उलट एप्रिलच्या शेवटी थंडीची लाट आली तर हीटर बहुधा बंद.

चकलीभाजणी

नोव्हेंबरला माझंही मत. त्यात २०२६ ला एक योग जुळतोय, तो सोडू नका. बिएनालेचं कलाप्रदर्शन २२ नोव्हेंबरपर्यंत आहे (सोमवारी बंद असतं, ज्यार्दिनी आणि आर्सेनाले या दोन जागांना मिळून अख्खा दिवस द्या). आणि २१ नोव्हेंबरला सालूतेचा सण. १६३०-३१ च्या प्लेगमधून शहर सुटलं म्हणून नवसाचं चर्च बांधलं, त्याच्या दर्शनाला त्या दिवशी अख्खं गाव लोटतं. मोठ्या कालव्यावर सणापुरता तात्पुरता पूल टाकतात, लोक मेणबत्ती घेऊन जातात, बाहेर जत्रेसारखे ठेले लागतात. पर्यटकांसाठी मांडलेला हा सोहळा नाही. त्या दिवसाचं खाणं कास्त्रादिना, खारवून वाळवलेल्या मटणाचं कोबी घातलेलं सूप. तुमच्यातल्या दोघांनी चाखावं.

शाकाहारी तिघांसाठी:

चिकेत्ती म्हणजे बारमध्ये मांडलेले छोटे घास, त्यांत मासे फार. पावावर पांढरं, मऊ, घुसळल्यासारखं जे दिसतं ते चीज नसून बाक्काला मांतेकातो, म्हणजे वाळवलेला कॉड मासा. काचेआडून बोट दाखवून घेताना इथंच फसगत होते. बीन्सच्या सूपात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, रिसोत्तोत (इटालियन मऊ भातात) मांसाचा रस्सा. नुसतं 'व्हेजेतारियानो' म्हणू नका. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने' असं तिन्ही म्हणा: मांस नको, मासा नको, मांसाचा रस्सा नको. नोव्हेंबरात भोपळ्याचे नोक्की (उकडलेले छोटे गोळे) आणि त्रेव्हिजोचा राद्दिक्यो (जांभळी, कडवट पालेभाजी) जागोजागी असतो. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची उकडच, आईबाबांना पोटाला हलकी. कडक शाकाहारी असाल तर पार्मेजान आणि ग्राना दोन्हींत वासराचं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं, ते वरून भुरभुरू देऊ नका.

गल्लीबोळ

+१. फक्त २१ ला शनिवार आहे आणि दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचा शेवट. तो शनिवार-रविवार हॉटेलं महाग असतील. सण हवा असेल तर मुक्काम १८ ते २२ करा आणि आताच बुकिंग करून टाका. नको असेल तर १४ ते १८.

पायरीपायरीने

ज्येष्ठांचा मुद्दा कुणी घेतला नाही, म्हणून.

शहरात चारशेच्या वर पूल आणि बहुतेक पायऱ्यांचे. हॉटेल निवडताना तारे बघू नका. वापोरेत्तोच्या (सार्वजनिक बोटीच्या) धक्क्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत किती पूल आहेत ते नकाशावर मोजा. शून्य उत्तम, एक चालेल, दोनच्या वर नाही. दुसरी गोष्ट लिफ्ट. जुन्या घरांत ती नसणं नेहमीचं, आणि 'पहिला मजला' म्हणजे उंच छताचे पंचवीस-तीस पायऱ्यांचे जिने. बुकिंगआधी 'आशेन्सोरे' आहे का, असं लिहून विचारा.

कास्तेल्लोतला व्हिया गारिबाल्दीचा भाग रुंद आणि सपाट. दोर्सोदुरोत झात्तेरेचा काठ दक्षिणेकडे तोंड करून आहे, नोव्हेंबरातलं जे काही ऊन असतं ते तिथं मिळतं. सान मार्कोजवळची हॉटेलं मोक्याची, पण पाणी आलं तर पहिलं तिथंच.

नोव्हेंबरचा एक छुपा फायदा. ऑक्टोबरच्या शेवटी मॅरेथॉन होते आणि तिच्यासाठी झात्तेरेपासून सान मार्कोकडच्या काठावरच्या पुलांवर उतरते लाकडी रॅम्प बसवतात. ते बऱ्याचदा पुढे काही महिने तसेच ठेवतात. मेमध्ये त्याच पुलांवर पायऱ्याच पायऱ्या.

बोटीचा पास घ्याच. ७५ मिनिटांचं एक तिकीट ९.५० युरो, २४ तासांचा पास २५, ७२ तासांचा ४५. आईबाबांना चालवण्यापेक्षा दर फेरीला बोट परवडते. १ नंबरची बोट मोठ्या कालव्यात जवळजवळ प्रत्येक धक्क्याला थांबते. पहाटे किंवा संध्याकाळी सातनंतर पुढच्या उघड्या बाकावर जागा मिळते. पास पहिल्यांदा यंत्राला लावला की तास सुरू होतात आणि दर वेळी चढताना लावायचाच, पास खिशात असूनही दंड होतो.

पाणी चढलं की काही बोटी पुलांखालून जाऊ शकत नाहीत. कान्नारेज्जो कालव्यातून जाणाऱ्या ४.१, ४.२, ५.१, ५.२ या फेऱ्या तेव्हा वळवतात किंवा तोडतात. धुक्यातही वेळापत्रक बदलतं. विमान पकडायच्या दिवशी एक तास जादा धरा. विमानतळावर रस्त्याने जायला पियाझ्झाले रोमाहून बस आहे, तिला यातलं काही लागत नाही.

खडूस_खलाशी

ओहोटीचंही सांगून टाकतो, नाताळाचा पर्याय आहे म्हणून. जानेवारी-फेब्रुवारीत हवेचा दाब चढतो आणि पाणी उलट फार उतरतं. अरुंद कालव्यांत गोंडोले चिखलाला टेकतात आणि तरंगत्या धक्क्याकडे उतरणारी फळी चांगलीच तिरकी होते. गुडघेवाल्यांना भरतीपेक्षा ती जास्त छळते.

तिसरा_प्रहर

नाताळ थोडक्यात: २६ डिसेंबर ते ६ जानेवारी दर चढलेले, २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बरीच ठिकाणं बंद, सूर्य पावणेआठनंतर उगवून साडेचारला मावळलेला. धुकं सुंदर, पण बुरानो बेटापर्यंत जाऊन रंगीत घरं दिसली नाहीत तर लेक रुसेल. खरा स्वस्त आणि शांत काळ ७ जानेवारीपासून कार्निव्हल लागेपर्यंत, पण तो तुमच्या शाळेत बसत नाही. २०२७ चा कार्निव्हल ९ फेब्रुवारीला संपतो, म्हणजे त्याआधीचे दोन आठवडे दर पुन्हा वर.

मुक्काम मेस्त्रेत करायचा विचार असेल तर नोव्हेंबरात नको. मेमध्ये दरातली तफावत मोठी असते, तेव्हा मेस्त्रे समजू शकतो. नोव्हेंबरात बेटावरचेच दर उतरलेले असतात, आणि मेस्त्रेत राहून संध्याकाळी सहाला परतीची गाडी पकडलीत तर शहर रिकामं होतं नेमक्या त्याच वेळी तुम्ही बाहेर पडता.

डोजच्या (व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाच्या) राजवाड्याचं तिकीट आधी काढा, महिनाभर आधी घेतलं तर स्वस्त पडतं. नोव्हेंबरात तो सहाला बंद होतो, उन्हाळ्यात सातला. बॅसिलिकात रविवारी सकाळी पर्यटकांना सोडत नाहीत.

शिक्कामोर्तब

व्हिसाच्या बाजूनेही नोव्हेंबर सोपा. शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. मे-जूनसाठी मुंबईत फेब्रुवारी ते एप्रिल झुंबड असते. नोव्हेंबरसाठी ऑगस्टच्या सुरुवातीला अर्ज टाकलात तर गणपतीआधी बोटांचे ठसे देऊन मोकळे. नियमाप्रमाणे निर्णयाला १५ दिवस, अडलं तर ४५. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५. सातवीतली मुलगी अर्जाच्या वेळी बारा पुरी असेल तर पूर्ण. विमा किमान ३०,००० युरोचा. सत्तरीनंतर हप्ता वाढतो आणि काही पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, ती ओळ वाचूनच घ्या. अर्ज जिथं जास्त रात्री तिथल्या देशाकडे. फ्लॉरेन्सही इटलीतच, त्यामुळे तुमचा प्रश्न नाही.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. १८ ते २२ नोव्हेंबर धरतेय, हॉटेल झात्तेरेजवळ, धक्क्यापासून शून्य पूल, लिफ्ट आहे. आता शेवटचे दोन प्रश्न. २२ म्हणजे पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, पाणी चढतं असेल ना? आणि गमबूट इथून न्यायचे का?

उधाणवारा

हो, २० नंतर भरती रोज थोडी वाढत जाईल. म्हणून सान मार्को, बॅसिलिका, राजवाडा हे १९ ला उरका. २० ला मुरानो-बुरानो: फोंदामेंते नोव्हेहून १२ नंबरची बोट, सकाळी नऊच्या आत निघा. २१ बिएनाले आणि संध्याकाळी सालूते. झात्तेरेहून सालूते पायी जवळ आहे, आईबाबांना तात्पुरत्या पुलावरच्या गर्दीत नेऊ नका. सकाळी लवकर दर्शन घेतलंत तर आणखी बरं.

गमबूट नेऊ नका, बॅगेत जागा खातात. पाणी येणार असलं की चौकात गुडघ्याखालच्या उंचीच्या लाकडी फळ्यांचे मार्ग मांडतात. उजवी बाजू धरायची आणि फोटोसाठी मध्ये थांबायचं नाही, मागची रांग अडते. रस्त्यावर बुटांवरून चढवायची प्लास्टिकची पिशवीवजा आवरणं मिळतात, ती वीतभर पाण्यापर्यंत ठीक. तळ मात्र गुळगुळीत, ओल्या दगडावर आईबाबांना ती घालू नका. त्यांनी त्या वेळी वर कॉफी घेत बसावं, तीन तासांत पाणी उतरतंच.

पायरीपायरीने

पाणी खारं असतं एवढं लक्षात ठेवा. बूट किंवा बॅगेची चाकं भिजली तर त्याच रात्री नळाखाली गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करा. तसंच ठेवलं तर बेअरिंग गंजतात आणि फ्लॉरेन्सच्या दगडी रस्त्यावर चाक अडतं. चामड्याचे बूट हीटरवर वाळवू नका, तडकतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर ठेवा.